जुन्या बँकेच्या चौकशा

२९ जुलै, मंगळ.

सईने दुपारी कॉलेजातून आल्यावर तिच्या मोबाईलवर माझा क्रेडिट रिपोर्ट काढून दिला. वर्षातून एकदा फुकट मिळतो म्हणे. स्कोअर बघून पोरीने नुसतं माझ्याकडे बघून घेतलंन. आईच्या प्रगतिपुस्तकावर मुलीने असं बघायची वेळ यावी.

शेवटच्या पानावर 'चौकशी' म्हणून रकाना आहे. आपलं नाव घालून कोणी कोणी बघितलं त्याची यादी. सुधीरच्या छपाईच्या मशीनला कर्ज देणारी फायनान्स कंपनी, एकदा. आणि जुनी बँक. मार्च, मे, जून, जुलै. चार वेळा!

मुलुंडचं घर घेतलंत, लिलावात विकलंत, कुलूपसुद्धा बदललंत. त्यालाही सव्वा वर्ष झालं. आता आणखी काय हवंय? लग्नाआधी मुलीची चौकशी करतात हे माहीत होतं. काडीमोडानंतर चार चार वेळा चौकशी करणारं सासर पहिल्यांदाच बघतेय.

सुधीरला सांगितलं नाही. जेवत्या नवऱ्याला काय सांगायचं.

३१ जुलै, गुरु.

ज्याची भीती होती तेच. हॉस्पिटलात एचआरच्या निकिताने केबिनमध्ये बोलावलं. कॅश काउंटरवर कायम करण्याआधी सगळ्यांचा रिपोर्ट काढतात. माझाही काढला.

चांगली आहे तशी. म्हणाली, "ताई, घर गेलं हे तुम्ही इंटरव्ह्यूतच सांगितलंत, त्याचा इश्यू नाही. पण ही बँक अजून तुमच्या मागे का आहे? काही बाकी आहे का? मला वरती काहीतरी दाखवायला लागेल ना."

मी म्हटलं, सगळं मिटलंय. तोंडातून निघूनच गेलं.

"मग त्यांच्याकडून तसं पत्र आणा. वीस तारखेला तुमचं प्रोबेशन संपतंय. त्याच्या आत द्या, प्लीज."

वीस ऑगस्ट. पत्र नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर ही असल्फ्याची खोलीही नाही, कारण सुधीरच्या कमाईवर आमचं रेशनसुद्धा भागत नाही. इतकं सरळ आहे. लिहून काढल्यावर जरा कमी वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२ ऑगस्ट, शनि.

आज सु.ला सांगितलं. तो भांडुपच्या एका दुकानात फ्लेक्सचं डिझाईन करून देतो आता. स्वतःचं दुकान होतं त्याच गल्लीत, दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून. मला कळतं त्याला काय होत असेल. पण माझंही कोणीतरी कळून घ्या.

म्हणाला, "गप बस ना. कशाला विकतचं दुखणं घेतेस? विसरतील ते."

"विसरणारे दर महिन्याला नाव काढत नाहीत."

"आपण गेलो तर उरलेले पैसे मागतील. आहेत तुझ्याकडे?"

पाटल्यांचं त्याला माहीत नाही. आईच्या पाटल्या कुर्ल्याला भावाकडे ठेवल्यात, जप्तीच्या आधीपासून. दुकान वाचवायला सगळं गेलं. तेवढ्या मी दिल्या नाहीत. पाप असेल तर असो.

सु.चा जुना नंबर अजून बंदच. सिम काढून तांदळाच्या डब्यात टाकलंय, चांगल्या मुहूर्तावर बाहेर काढणार असल्यासारखं. माझा जुना नंबरही त्यानेच बंद करायला लावला होता. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

५ ऑगस्ट, मंगळ.

बँकेच्या कस्टमर केअरला फोन. मराठीसाठी अमुक दाबा, कर्जासाठी तमुक दाबा. दाबलं. खाते क्रमांक घातला. बाई गोड आवाजात म्हणाली, हे खाते अस्तित्वात नाही.

अस्तित्वात नाही! मग चौकशी कोणाची करताय? माझ्या भुताची?

तीनदा केला. तिसऱ्यांदा माणूस आला लाईनवर. 'मॅम, होम ब्रांचला भेट द्या.' होम ब्रांच मुलुंडला. होम म्हणे.

७ ऑगस्ट, गुरु.

सुट्टी टाकून मुलुंडला गेले. सव्वा वर्षात पहिल्यांदा. छत्री मुद्दाम चेहऱ्यापर्यंत खाली धरून चालले, तरी मार्केटातल्या भाजीवालीने ओळखलंच. "काय वहिनी, गावाला गेलावता ना? कधी आलाव?"

म्हटलं, कालच.

घर सोडताना सु.ने वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंय, आम्ही कायमचे गावी चाललो. कोकणातल्या माणसाला हे बरं असतं. तोंड लपवायचं असलं की गावी जायचं, आणि गावात तोंड लपवायचं असलं की मुंबईला. आम्ही दोन्ही केलं. मुंबईला वाटतंय आम्ही गावी आहोत, गावाला वाटतंय आम्ही अजून मुलुंडच्या फ्लॅटमध्ये. खरे आम्ही कुठे आहोत ते माझा भाऊ सोडला तर फक्त असल्फ्याच्या घरमालकाला माहीत.

आमच्या जुन्या बिल्डिंगच्या बाजूने गेले नाही. जाणार नव्हतेच. पण बँकेच्या पायऱ्यांवरून तिसरा मजला दिसतो. ग्रिलला नवा रंग मारलाय, निळा. माझ्या तुळशीची कुंडी तशीच बाहेर आहे. त्यात आता मिरच्या लावल्यात कोणीतरी. चांगल्या धरल्यात.

बँकेत म्हणाले, असली खाती आता इथे नसतात. वसुली विभाग अंधेरीला, चकाल्याला. म्हणजे माझ्या हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटं. रोज मेट्रोतून उतरून मी त्या बिल्डिंगीवरूनच जाते!

९ ऑगस्ट, शनि. राखी.

कुर्ल्याला भावाकडे. ओवाळताना त्याला हळूच म्हटलं, पाटल्या लागतील कदाचित. तो म्हणाला, "तुझ्याच आहेत, केव्हाही ने. पण परत त्याच खड्ड्यात टाकू नकोस हां, ताई."

नारळीभात केला होता. मी अर्धा पानात टाकला. वहिनीला वाटलं गोड जास्त झालं.

११ ऑगस्ट, सोम.

नऊ दिवस उरले. चकाल्याच्या बिल्डिंगच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मागच्या वर्षी मे महिन्यात घराच्या पंचनाम्याला आलेले दोघे आठवले. चपला बाहेर काढून आत आले होते. अजून त्यांचे मोजे डोळ्यांसमोर आहेत. घर घ्यायला आलेली माणसं, आणि चपला बाहेर.

जेवणाच्या सुट्टीतली पंचेचाळीस मिनिटं संपली. काउंटरवर दिवसभर लोकांना म्हणत होते, 'सुटे द्या हं.' माझा आवाज इतका नॉर्मल कसा येतो, मलाच कळत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळ. अंगारकी.

उपास होता. म्हटलं आज जायचंच, चंद्र दिसायच्या आत.

गेले. चौथा मजला. सईपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल असा मुलगा टेबलाशी, गळ्यात पट्टा. मी तयारी करून गेले होते, ओरडायची पण आणि पाया पडायची पण. दोन्हीची गरज पडली नाही. त्याने पाणी दिलं.

"मॅडम, तुम्हीच आलात ते बरं झालं. आम्ही तुम्हाला शोधतोय कधीचे."

"कशाला?"

"फोन बंद, पत्राला रिप्लाय नाही. म्हणून मग रिपोर्ट काढून बघतो, कुठे नवीन नंबर, नवीन ॲड्रेस टाकलाय का तुम्ही. सिस्टीमच करते ते. पर्सनल काही नसतं."

पर्सनल काही नसतं!

लिलावानंतरही कर्जाची थोडी रक्कम बाकी राहिली होती. बँकेने जूनमध्ये पत्र पाठवलं. अमुक पैसे अमुक तारखेच्या आत भरा, बाकी सोडून देतो, खातं बंद, तसं पत्र देतो. म्हणजे निकिताला हवं तेच पत्र. मला हवं तेच.

"कुठे पाठवलंत?"

त्याने स्क्रीन वळवली. मु. पो. आमचं गाव, तालुका देवगड. पोच आलीय. घेणाऱ्याची सही : सरिता.

सरिता म्हणजे माझी जाऊ.

"पत्ता कोणी दिला हा?"

"मिस्टरांनी फॉर्म भरलाय ना तुमच्या, घर ताब्यात घेतलं तेव्हा."

तारीख विचारली. त्याच्या स्क्रीनवर रक्कमही नाही, तारीखही नाही. ते वरच्या साहेबांकडे, साहेब सुट्टीवर, सोमवारी येणार. "पत्र घेऊन या, मॅडम. तारखेत असेल तर सोमवारीच करून टाकू. तारीख गेली असेल तर फाईल लीगलला. मग माझ्या हातात नाही."

चंद्र दिसलाच नाही, ढग. सईने मोबाईलवर वेळ बघून सांगितलं, मग पान वाढलं.

१३ ऑगस्ट, बुध.

सु.शी भांडण. भांडण कसलं, मी एकटीच बोलत होते. गावचा पत्ता दिला तर दिला. पण जाऊबाईंनी सही करून पत्र घेतलं आणि दोन महिने एका शब्दाने कळवलं नाही? त्या तर कोंबडीने अंडं घातलं तरी फोन करतात.

तेव्हा कुठे तोंड उघडलंन. गेल्या गणपतीत, आरती झाल्यावर, दादांनी त्याला विचारलं होतं. दादा म्हणजे माझे मोठे दीर, त्यांच्यापुढे सुधीर अजून सातवीतला होतो. "घराचां कर्ज किती रवला रे?" आणि हा म्हणाला, फिटलं. सगळं फिटलं. आता घराचे कागद येतील, इकडच्याच पत्त्यावर पाठवायला सांगितलेत.

मी तेव्हा मागल्या दारी मोदक वळत होते.

"गणपतीसमोर खोटं बोललास?"

"मग काय सांगणार होतो? दादाने त्या घरासाठी बैल विकलेले, माहितीय ना तुला?"

माहितीय. डाऊन पेमेंटला कमी पडत होते तेव्हा. आणि घेतले नाहीत कधी परत. म्हणाले, मुंबईत एक आपला दरवाजा असूक व्हयो.

तव्यावरची पोळी जळाली तरी उभीच राहिले.

१५ ऑगस्ट, शुक्र.

सुट्टी. सई म्हणते, "मी करू काकीला फोन?" नको म्हटलं. आमचं झाकायला पोरीचा हात कशाला.

पत्र कुठे असेल ते मला न विचारता कळलंय. चाकरमान्यांच्या नावाने वर्षभर जे काय येतं, लग्नपत्रिका, पतसंस्थेचा कागद, कोणी दिलेलं लुगडं, ते गावच्या घरी जपून ठेवतात आणि गणपतीत आलो की हातात देतात. टपाल पुढे पाठवायची रीतच नाही. पाठवायचं कशाला, माणूसच येतंय ना चतुर्थीला!

चतुर्थी सत्तावीसला. मला वीसच्या आत हवंय.

१६ ऑगस्ट, शनि. गोपाळकाला.

फोन केला. खाली गोविंदांचा डीजे, खिडकी लावून घेतली. साधंच विचारलं, "वैनी, बँकेचा काय टपाल इला होता?"

त्या हसायलाच लागल्या. "कळला तुका! मी काय सांगूचंय नाय होतंय. चतुर्थीक इलास की हातात देवन गंमत करतलंय असा ठरवलंला."

जूनमध्ये पोस्टमन आला. बँकेचा शिक्का, वर आमची दोघांची नावं, मुलुंडच्या फ्लॅटचा नंबर. इंग्रजी त्यांना येत नाही. पण इतकं कळलं, घराचे कागद इले. कागदाला हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवला. दादांनी नारळ फोडला. वाडीत साखर वाटली. साखर!

"रोज दिवो लावतंय त्येच्यासमोर. तुझ्या घरासाठी गो, माधवी."

मी म्हटलं, बरं केलंत. बरं केलंत म्हटलं मी. आणि रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

मोरीत जाऊन नळ सोडून रडले. एवढ्याशा खोलीत दुसरी जागा नाही. नोकरी जाणार म्हणून रडले की साखरेसाठी, मला सांगता येणार नाही.

१७ ऑगस्ट, रवि.

सकाळी सु.ला म्हटलं, आज सांगायचंय. तू सांग नाहीतर मी. तो चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. म्हणजे मी.

साडेदहाला लावला फोन. सई बाजूला. म्हटलं, वैनी, बसून घ्या जरा. तो कागद घराचा नाय. घर गेलं. मागच्या वर्षी मे महिन्यात बँकेने घेतलं. आम्ही मुलुंडला नाही, असल्फ्याला खोलीत राहतो. गणपतीत तुमच्याशी खोटं बोललो. सगळं एका दमात, भाजीचा हिशोब सांगितल्यासारखं.

पलीकडून कोंबड्या ऐकू आल्या.

मग म्हणाल्या, "जेवतास मा तुम्ही वेळेर?"

बस. एवढंच. बैल नाही काढले, साखर नाही काढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तर म्हणतात, "रडा नको. कागदाचा काय करूचा सांग."

फोटो काढून पाठवा म्हटलं. गणपतीचे फोटो दरवर्षी त्याच पाठवतात, जमतं त्यांना. दहा मिनिटांनी सईच्या मोबाईलवर आला. तिरका, त्यांचा अंगठा कोपऱ्यात. सईने मोठा करून वाचला. रक्कम दिसते. मी मनात धरली होती त्यापेक्षा कमी आहे! पाटल्यांत होईल, वर थोडे उरतीलसुद्धा. खाली 'या तारखेच्या आत' असं लिहिलंय आणि त्याच्यापुढे तारीख.

तारखेवर कुंकू.

नेमकं तिथेच बोट टेकलंय. वर निरांजनाचं तेल सांडलेलं, दोन महिन्यांत त्याचा घट्ट लाल थर झालाय. महिना ऑगस्ट, तेवढं दिसतं. दिवस नाही दिसत. मागचा आकडा पाच असावा असं सई म्हणते. पाच असेल तर संपलं. पंधरा असेल तरी परवाच संपलं. पंचवीस असेल तर उद्या सोमवार आहे, साहेब येणार आहेत, चकाला दहा मिनिटांवर आहे.

परत फोन. म्हटलं, वैनी, कुंकवाखाली तारीख आहे. पुसायला लागेल.

"देवासमोरचां कुंकू? माझ्या हातान लायलेला?"

मागून दादांचा आवाज आला, काय झाला गो म्हणून. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. जाऊबाईंनी मलाच विचारलं, हळू, "माधवी, तू सांग. पुसू?"

तेवढ्यात सु. आत आला. गॅलरीतून सगळं ऐकत असणार. माझ्या हातातून फोन घेतलान. सव्वा वर्षात पहिल्यांदा गावचा फोन त्याने आपणहून कानाला लावला.

"वैनी, पुसा," म्हणाला. "आणि दादाक फोन द्या. मी सांगतंय."

तो बोलतोय दादांशी. पाठमोरा आहे, मला त्याचे फक्त खांदे दिसतायत. हाताला काहीतरी हवं म्हणून हे लिहितेय. जाऊबाई ओल्या फडक्याने पुसतायत, कागद फाटू नये म्हणून हळूहळू. पुसलं की दादांच्या मोबाईलवरून दुसरा फोटो पाठवते, असं फोन देताना म्हणाल्यात.

सईचा मोबाईल माझ्यासमोर पालथा ठेवलाय. आत्ता वाजला.